ओलं असतानाच

रात्रपाळीला मी समुद्रातून मीठ काढतो.
म्हणजे काढतात पंप, मी आकडे बघतो.
आणि सकाळी सातला, फहाहीलच्या तिसऱ्या मजल्यावर,
बूट न काढताच
चादर बघतो.

चादरीवर बारीक तपकिरी ठिपके.
कोपराच्या, गुडघ्यामागच्या खोबणीतले.
केतकी म्हणते, मी मोजत नाही.

शाल्मली चार वर्षांची.
ती झोपते, तिचे हात झोपत नाहीत.
खर्र, खर्र,
एसीच्या घरघरीखालून येणारा तो आवाज,
सुट्टीच्या रात्री दचकून उठतो मी,
वाटतं, कुठलातरी व्हॉल्व्ह गळतोय.

देवरुखहून काकूंचा फोन: उष्णता आहे ती,
वांगं बंद, अंडं बंद, सब्जा द्या.
खालच्या मजल्यावरचे परांजपे: खाऱ्या पाण्यात बुडवून आणा.
बुडवली.
तिची किंकाळी ऐकून
धक्क्यावरचा एक म्हातारा गळ टाकून उठला.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत:
स्टिरॉइड नको.
म्हणून दीड महिना ती ट्यूब
फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे
गुन्हेगारासारखी उभी.
आणि आम्ही सावध आईबाप
मुलीला ओरबाडू देत होतो.

मग धुळीचं वादळ आलं. दुपारी तीनला विटकरी अंधार.
खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले,
तरी सकाळी तिच्या पापण्या सुजलेल्या
आणि मनगटावर पिवळं पाणी.

डॉक्टर हनान रागावल्या नाहीत.
विचारलं, काम काय करता?
सांगितलं.
मग तुम्हाला लवकर कळेल, म्हणाल्या.
हिच्या कातडीचं गॅस्केट जन्मतःच पातळ.
आतला ओलावा उडतो, बाहेरचं सगळं आत शिरतं.
गुन्हा तुमचा नाही. वांग्याचाही नाही.

पाच मिनिटं कोमट पाणी, फेसाचा साबण नको.
टिपायचं, घासायचं नाही.
आणि ओलं असतानाच मलम,
ते साधं, भरपूर, बरं असेल त्याही दिवशी.
मग ती बदनाम ट्यूब दाबून
माझ्या तर्जनीवर पांढरी रेघ ओढली,
टोकापासून पहिल्या पेरापर्यंत.
एवढी, दोन तळव्यांएवढ्या जागेला.
लाल असेल तिथे, लाल असेल तोवर.
पापण्यांना ही नाही, त्यांची वेगळी.
मनगट चिघळलंय, त्याला आधी औषध.

बरी कधी होईल?
बरीच मुलं होतात, म्हणाल्या.
ही होईलच, असं लिहून देणार नाही.

तो प्रामाणिकपणा मला
पार्किंगपर्यंत झोंबत राहिला.

मनगट सुकल्यावर, वाईट रात्रींसाठी,
माझ्या जुन्या बनियनच्या पट्ट्या.
आत ओली, वर कोरडी.
शाल्मली आरशात बघून म्हणाली, मी इडली.
आणि बऱ्याच दिवसांनी केतकी
खळखळून हसली, मग न्हाणीघरात जाऊन
बराच वेळ नळ सोडून बसली.
मीच गोडं केलेलं पाणी.

नाव तिनेच ठेवलं होतं.
सावरीच्या कोवळ्या खोडाला काटे असतात
हे तिला माहीत होतं, मला नव्हतं.
झाड वाढलं की झिजतात म्हणे ते.
सगळ्यांचे नाही.

काल पाळीवरून आलो,
क्लोरिनने भेगाळलेले हात घेऊन.
शाल्मलीने डबा आणला, बजावलं:
बाबा, आधी धू. पुसू नकोस हं.
आणि स्वतःच्या बोटावर रेघ काढली,
तिच्या पेराएवढी,
माझ्या एका भेगेला पुरली.

चादर मात्र मी आजही बघितली.
स्वयंपाकघरातून केतकी म्हणाली,
दोनच आहेत.